भिंतीसाठी पहिलं चित्र

आज बडोद्यात दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या ओसरीवरचं प्रदर्शन पाहिलं. धड दहा माणसं मावत नाहीत तिथे. दोघी मैत्रिणींनी मिळून केलेली एचिंग्ज, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं कोरून कागदावर छापलेली चित्रं. एकीची रेषा, दुसरीचा रंग. कुठे जुंपली असेल तेही कळतं! एक घेतलंच. खाली पेन्सिलीनं ४/१५, म्हणजे पंधरा प्रतींतली चौथी, शेजारी दोघींच्या सह्या. कागद तिरका धरला की प्लेटच्या दाबाची कड उठून दिसते. आई म्हणाली, "एवढ्यात मिक्सर आला असता." असो. १९५० पासून फाइन आर्ट्सचं कॉलेज गावात, इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायचे, आणि आपल्या घरांत अजून कॅलेंडरंच! आता काचेची फ्रेम, ॲसिड-फ्री माउंट (चित्रामागचा, कागद न पिवळवणारा पुठ्ठा), उन्हाची भिंत नको. रावपुऱ्यात कुणी भरवशाचा फ्रेमवाला?