ऑस्नीच्या पुलाखालून लेचलेडपर्यंत: जुन्या फ्रीमनमधून वरची थेम्स

ऑक्सफर्डमधल्या ऑस्नीच्या पुलाखाली, नदी नेहमीच्या पातळीला असताना, २.२८ मीटर जागा मिळते. नव्या उंच क्रूझर बोटी इथपर्यंत येतात आणि इथूनच माघारी वळतात. पुढची लेचलेड गावापर्यंतची थेम्स नदी, सगळ्यात वळणावळणाची आणि सगळ्यात शांत, त्यांना बघायलाच मिळत नाही. आमची फ्रीमन २२ ही जुनी छोटी क्रूझर मात्र हूड (वरचं घडीचं छप्पर) पाडला की त्या पुलाखालून आरामात जाते. गेल्या चार वर्षांत तिच्यात जे जे बदल केले, ते आधी या पुलाला विचारून केले.

फ्रीमन बोटी लेस्टरशरमधल्या हिंक्लीत बनायच्या. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात तयार झालेल्या या बोटी आज साठीला आल्या, तरी इंग्लंडच्या नद्यांवर जागोजागी दिसतात. बाहेर फायबरग्लास, आत महॉगनी, आणि फोर्डच्या मोटारीच्या इंजिनावरून बनवलेलं वॉटरमोटा कंपनीचं पेट्रोल इंजिन. सुटे भाग मिळतात, आणि कुठला भाग कुठे बसतो हे सांगणारी माणसंही मिळतात. फ्रीमनवाल्यांशी ओळख झाली नसती तर मी ही बोट दुसऱ्याच वर्षी विकली असती.

सोलर पॅनेलचंच बघा. मी छतावर तिरकी चौकट उभारून पॅनेल लावणार होतो, सामान आणूनही ठेवलं होतं. शेजारच्या धक्क्यावर बोट बांधणाऱ्या एका आजोबांनी ते पाहिलं आणि फक्त विचारलं, ‘हे घेऊन ऑस्नीखालून कसे जाणार?’ चौकट परत केली आणि १०० वॅटचं वाकणारं पॅनेल छतावर सपाट चिकटवलं. तिरक्या पॅनेलपेक्षा वीज कमी मिळते, पण एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि फोनला ती पुरते. मोजमाप कसं करायचं तेही त्यांनीच शिकवलं. पाण्याची टाकी रिकामी, बोटीत कोणी नाही, सामान नाही, अशा स्थितीत स्थिर पाण्यापासून सर्वांत उंच बिंदूपर्यंत मोजायचं, कारण हलकी बोट वर उचलली जाते. पॅनेलसकट आमची २.०५ मीटर भरली. हा आकडा सुकाणूच्या चाकाशेजारी चिकटवून ठेवला आहे.

बाकीचे बदल डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेच महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून पंपावर ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल आलं. त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि पाणी ओढून घेतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या काढून बोटींसाठीच्या, आगीत टिकणाऱ्या नव्या नळ्या घातल्या, आणि आता मी कमी इथेनॉलचं ई-५ च भरतो. ठिणगीची जुनी यांत्रिक व्यवस्था (पॉइंट्स) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. खिडक्यांची रबरं बदलली, कारण जुन्या फ्रीमनच्या खिडक्या गळतात आणि ते पाणी मुकाट्यानं महॉगनीच्या मागे जाऊन लाकूड कुजवतं. बोट घ्यायला जाल तेव्हा सगळ्यात आधी खिडकीखालच्या फळ्या बोटानं दाबून बघा. चाक, गेज आणि कपाटांच्या मुठी मात्र मूळच्याच ठेवल्या. त्या बदलल्या तर फ्रीमन घेण्यात अर्थच काय?

गेल्या जूनमध्ये त्या आजोबांसह तीन फ्रीमन मिळून ॲबिंगडनहून निघालो. आमच्या बोटीत मी, बायको आणि अकरा वर्षांची लेक. हर्णैच्या सवयीनं नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, नारळ वाढवला, शेजाऱ्यांनाही खोबरं दिलं. ॲबिंगडन ते लेचलेड १५ लॉक लागतात; लॉक म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट नदीच्या वरच्या-खालच्या पातळीला नेणारं, दोन्हीकडे दारं असलेलं दालन. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकी. जाऊन-येऊन आमचं इंजिन २२ तास चाललं आणि ७० लिटरच्या आसपास पेट्रोल गेलं. काठावर पेट्रोल देणारे धक्के फार थोडे उरले आहेत, तेव्हा परतीपर्यंतचा हिशोब करूनच निघा. डबे भरायचे तर ते बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरा.

कागदांचं थोडक्यात: थेम्सचा कारभार बघणाऱ्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची नोंदणी, विमा आणि चार वर्षांनी येणारं बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यात तपासला जातो.

लॉकमध्ये इंजिन बंद करायचं, पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर खुंट्याला फक्त वळसा देऊन हातात धरायचे. गाठ मारू नका. परतीच्या वाटेवर लॉकमधलं पाणी खाली जातं, तेव्हा बांधलेली बोट दोराला लटकते. पेट्रोल इंजिन असेल तर पुन्हा चालू करण्याआधी दर वेळी ब्लोअर (इंजिनाजवळची वाफ बाहेर फेकणारा पंखा) लावा. तळात साचलेली पेट्रोलची वाफ आणि एक ठिणगी, एवढंच पुरतं. आम्ही निघताना पाच मिनिटं ब्लोअर चालवायचो आणि लेकीकडे घड्याळ दिलं होतं. तिनं ‘हो’ म्हटल्याशिवाय मी किल्ली फिरवत नसे.

ऑस्नीचं लॉक पुलाच्या अलीकडे आहे, त्यामुळे लॉककीपरला त्या दिवशीची उंची विचारता येते. पुलाखालून गेल्यावर नदी एकदम मोकळी होते. उजव्या हाताला पोर्ट मेडो हे मोठं कुरण, गाई पोटापर्यंत पाण्यात उभ्या. त्या काठाला पाणी उथळ आहे, गाईंचे फोटो घ्यायला कडेला जाऊ नका. गॉडस्टोचं लॉक हे विजेवर चालणारं शेवटचं. किंग्ज लॉकपासून पुढे सगळं हातानं: चाक फिरवून झडपा उघडायच्या आणि पांढऱ्या लाकडी दांड्याला पाठ लावून दार ढकलायचं. लॉककीपर जेवायला गेलेला असला तर हे काम तुमचंच. दोन माणसं आणि एक लेक एवढी फौज आम्हाला पुरली. आईनशमजवळच्या स्विनफर्ड पुलावर मोटारींकडून अजून ५ पेन्स टोल घेतात. बोटी मात्र खालून फुकट जातात.

पिंकहिलच्या लॉकपुढे इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. एक्झॉस्टमधून पडणारं पाणी जवळपास थांबलं होतं. इंजिन बंद करून मागच्या फ्रीमनला हाक मारली, त्यांनी दोर फेकून आम्हाला काठाला ओढलं. गाळणीत हिरव्या शेवाळाचा गठ्ठा अडकला होता. हे इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड होतं, आणि वरच्या थेम्समध्ये उन्हाळ्यात पाणवनस्पती भरपूर. त्यानंतर रोज सकाळी गाळणी साफ केली, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याच्या ग्रीस कपाला एक वळसा दिला, आणि तासातासाला मागे वाकून पाणी पडतंय का ते पाहिलं. गेजपेक्षा हे पाणी आधी सांगतं.

दुसरा मुक्काम रॅडकॉटला. इथे नदीचे दोन फाटे आहेत. बोटींनी जायचं ते १७८७ मध्ये बांधलेल्या एका कमानीच्या पुलाखालून, आणि तो अवघड वळणावर आहे. समोरची बोट दिसत नाही, म्हणून भोंगा वाजवून अगदी हळू जा. पुढे केल्म्स्कॉट लागतं, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसचं गाव. त्याचं घर बघायचं असेल तर उघडण्याचे वार आधी पाहून ठेवा. आम्हाला दार बंद मिळालं.

सेंट जॉन्स हे शेवटचं लॉक. तिथे फादर थेम्सचा, म्हणजे माणसाच्या रूपातल्या थेम्सचा, पुतळा फावडं खांद्यावर टाकून आडवा पहुडलेला आहे. थोडं पुढे गेलं की लेचलेडचा हाफपेनी पूल आणि मागे चर्चचा मनोरा. कुरणाला बोट बांधून बायकोनं गॅसवर पिठलं टाकलं. तिन्ही बोटींची माणसं आमच्याकडे जेवली, आणि आजोबांनी दोनदा भात मागून घेतला.

परतताना दोन दिवस पाऊस लागला. लॉकवर पिवळे फलक लागले: प्रवाह वाढतोय. पिवळ्यात जपून जाता येतं, पण लाल लागला की निघू नये. शिवाय प्रवाहाबरोबर खाली जाताना कमी उंचीच्या पुलाआधी बोट थांबवता येत नाही. म्हणून गॉडस्टोला एक दिवस जास्त राहिलो. सुट्टीचा तो दिवस राखून ठेवूनच या मार्गाला निघावं. दुसऱ्या सकाळी पाणी उतरायला लागलं होतं आणि ऑस्नीखाली २.१४ मीटर होते. पाण्याची टाकी काठोकाठ भरली, हूड पाडला, सगळ्यांना खाली बसवलं आणि कमानीच्या मधोमध नाळ धरली. लेक वर बघत होती. पॅनेल आणि लोखंड यांच्यामध्ये चार-पाच बोटं उरली, असं तिनं पलीकडे निघाल्यावर सांगितलं.