डबल आहे, घेऊन जावा

चांदवडी रुपया घेऊन कोल्हापूरला निघालीस तर शुक्रवार पेठेतल्या आबांना भेटल्याशिवाय परत येऊ नकोस, असं साताऱ्याच्या एका नाणेवाल्या मित्राने बजावलं होतं. चांदवड आमच्या नाशिक जिल्ह्यातलं. मराठेशाहीत तिथे टांकसाळ होती आणि तिथल्या रुपयावर फारसीत 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं नाव येतं. माझ्याकडे असे दोन रुपये होते. एक आजीच्या ट्रंकेतला, दुसरा पुढे एका सराफाकडून घेतलेला. दुसरा कुणाला तरी द्यायचा, एवढंच ठरवून रात्रीच्या गाडीत बसले.

सकाळी उतरले ते थेट गंगावेशीत. समोर म्हैस उभी करून धार काढून देतात, तो फेसाळ दुधाचा ग्लास कोल्हापुरात आल्यावर चुकवायचा नसतो. मग अंबाबाईचं दर्शन. रांग बरी होती. रंकाळा, न्यू पॅलेस यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे ते सोडते.

आबा म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नाण्यांचा मोठा संग्रह म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वाडा, सागवानी कपाटं, निदान एखादा डॉक्टर तरी येतो. इथे दोन खोल्या, पत्र्याची ट्रंक, लोखंडी कपाट आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली कंडक्टरची चामड्याची पिशवी.

"या की ताई. च्या ठेवलाय. आधी हात धुवा, मग नाणी."

हात धुवायचे, पुसून कोरडे करायचे आणि नाणं कडेनेच धरायचं, हे आबांचे नियम. नाणं चिंचेनं घासणाऱ्याला या घरात दुसरा चहा मिळत नाही म्हणे. बरोबरच आहे. जुन्या तांब्यावर चढलेला काळपट-तपकिरी थर हीच त्याची उमर. तो घासला की नाणं चकचकीत होतं आणि संग्राहकाच्या लेखी संपतं.

संग्रह कसा जमला, तर पिशवीतूनच. दिवसभर प्रवाशांची चिल्लर गोळा व्हायची. रात्री डेपोत हिशेब द्यायच्या आधी आबा ती उपडी करून चाळायचे, वेगळं दिसेल ते नाणं बाजूला काढायचे आणि तेवढेच पैसे स्वतःच्या खिशातून घालायचे. षटकोनी तीन पैसे, १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हाचे 'नया पैसा' लिहिलेले छोटे तांब्याचे पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे. हे कमळाचं नाणं १९६८ पासून निघालं आणि लोकांनी ते लक्ष्मीपूजनासाठी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. "अंबाबाईचं गाव हे. कमळ हातात आलं की कोण परत देतंय वो?" आबा हसत म्हणाले. त्यांनी मला टांकसाळींच्या खुणा वाचायला लावल्या. सालाखाली चौकटीसारखा हिरा असला तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, टिंब असलं तर नोएडा, काहीच नसलं तर कलकत्ता. मला हे येत होतं, पण त्यांच्यासमोर परीक्षा द्यायला मजा आली.

मग शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे, निघाल्या. एकेक शिवराई छोट्या खाकी पाकिटात, पाकिटावर दोन ओळी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति'. वाचायला सोपं वाटतं, पण पूर्ण मजकूर असलेली शिवराई हातात येणं कठीण. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे हातोडा कसा बसला त्यावर सगळं. कुठे 'श्री'ची वेलांटी कडेबाहेर गेलेली, कुठे 'छत्र'मधला 'छ' अर्धाच, कुठे ठिपक्यांच्या वर्तुळातले चारदोनच ठिपके राहिलेले. भिंगाखाली एक तर अशी होती की 'पति' एका कडेला घसरून उरलेली अर्धी चकती कोरीच होती. मी ती बराच वेळ बघत बसले. चकती तिरकी ठेवून घण घालणाऱ्या त्या कारागिराला त्या दिवशी कसली घाई होती कोण जाणे.

"आवडली न्हवं? डबल आहे, घेऊन जावा."

डबल म्हणजे एकासारखं दुसरं. प्रत्येक संग्राहकाकडे डबलचा एक डबा असतो आणि पाहुणा आला की तो उघडतो. मी पाकीट उलटं करून बघितलं. 'आजरा, भांड्याचे दुकान, मोडीत आलेली. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत.' म्हणजे आबांनाही ती फुकटच मिळालेली. त्यांनी तिथेच पेन काढून खाली माझं नाव आणि 'नाशिक' लिहिलं. मी रुमालातला चांदवडी रुपया पुढे केला. त्यांनी तो तळहातावर जोखला, कडा फिरवून बघितली, पण किंमत विचारली नाही. "कुणाचा?" एवढंच विचारलं. सराफाकडून विकत घेतलेला म्हटल्यावर जरा हिरमुसले. आजीच्या ट्रंकेतलाही पर्समध्ये होताच. तो दाखवल्यावर मात्र आजीचं माहेर कुठलं, ट्रंकेत आणखी काय होतं, रुपया तिला कुणी दिला, अशी सरबत्ती सुरू झाली. पाकिटावर लिहिण्याजोगं काही मिळाल्याशिवाय गडी थांबेना.

नाणेवाले लोक संत असतात असं म्हणायचं नाही. लिलावात एकाच मुघल रुपयासाठी दोन जिवलग मित्र वर्षभर अबोला धरतात. ओतीव खोट्या शिवराया बाजारात आहेत आणि त्या जाणूनबुजून खपवणारेही आहेत. शिवाय वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असले व्हिडिओ बघून लोक रोज कुणाकुणाला फोन लावत असतात. ते नाणं २०१२ चं, पाच आणि दहा रुपयांत निघालेलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं. आबांकडेही असे फोन येतात. ते शांतपणे म्हणतात, "दहाचं नाणं हाय, दहाला चालतंय. भाजी घ्या."

काकूंनी तोवर जेवायला वाढलं. जेवताना महापुराचा विषय निघाला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आबा-काकू अंगावरच्या कपड्यांनिशी नातेवाइकांकडे गेले. ट्रंक कॉटखाली राहिली. पाणी उतरल्यावर येऊन बघतात तर ट्रंकेत गाळ. नाण्यांना तसं काही झालं नाही. तांबं, चांदी, शिसं, सगळं साध्या पाण्यात घालून, न घासता, चादरीवर पसरून पंख्याखाली वाळवलं. काकू म्हणाल्या, गहू वाळत घालायची चादर होती, नंतर तिच्यावर गहू घातलाच नाही. पण पाकिटांचा लगदा झाला होता. शाई उतरून सगळी निळी झालेली. कुठलं नाणं कुणी दिलं, कुठे मिळालं, काहीच उरलं नाही. आबा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. आबा ताटाकडे बघत होते.

मग एकेक जण यायला लागला. गडहिंग्लजचा एक शिक्षक, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, गुजरीतला एक सराफ. कुणी चादरी आणल्या, कुणी तांदूळ, आणि मग सगळे नाण्यांभोवती बसले. इचलकरंजीवाला एक पाव आणा उचलून म्हणाला, "हे मी तुम्हाला खासबागेत कुस्ती बघताना दिलेलं. कडेला टोचा आहे बघा." शिक्षकाने पन्हाळी रुपया ओळखला, कोल्हापूर संस्थानाचा, पन्हाळ्याच्या टांकसाळीचा, तो त्याच्या सासऱ्यांनी वास्तुशांतीला दिला होता आणि त्याने पुढे आबांना दिला होता. ज्याने दिलं त्याला आठवत होतं. कित्येकदा ज्याला मिळालं त्याच्यापेक्षा जास्त. काही नाण्यांवरून भांडणंही झाली, हे मी दिलं, नाही मी दिलं. अशा पाकिटांवर दोन्ही नावं लिहिली आहेत. मी ती बघितली. नव्या पाकिटांवर पेन्सिलने लिहिलंय, कारण पेन्सिल पाण्यात जात नाही. बॉलपेन फक्त डबलच्या डब्याला. ती काय, घराबाहेरच जायची.

आता ज्या नाण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ते आहे भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला सरकारने १९४३ पासून मध्ये मोठं भोक ठेवून हा पैसा पाडला. फुटकळ नाणं, कुठल्याही जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळतं. आबांकडे दोऱ्यात ओवलेली त्याची अख्खी माळ आहे. त्यातले हवे तेवढे न्या म्हणाले. पण एक पैसा वेगळ्या पाकिटात होता. मी साल बघायला उचलला तर म्हणाले, "त्यो न्हाई. त्यो डबल न्हाई."

साल माळेतल्या इतरांसारखंच होतं, मुकुट झिजून गुळगुळीत. पाकिटावर पेन्सिलने 'म्हातारी, गारगोटी गाडी'. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. बाजारचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. म्हातारीकडे तिकिटाला पाच पैसे कमी पडले. तिने कनवटीची गाठ सोडून हा पैसा काढला. तो तेव्हा कधीचाच चलनातून गेलेला. आबांनी तिकीट पंच करून दिलं आणि पैसा परत केला, तर ती घेईना. "फुकाट न्हाई बसायची मी." तिच्या लेकाच्या करदोट्यातला पैसा होता तो. लेक कुठाय, हे आबांनी विचारलं नाही. गाडीत गर्दी होती, पुढचा थांबा आला होता. नंतर त्या मार्गावर ड्युटी असेपर्यंत प्रत्येक बाजारच्या दिवशी ते तिला शोधत राहिले, पैसा परत द्यायला. ती पुन्हा चढली नाही.

महापुरानंतर या पैशाची ओळख पटवायला कुणी आलं नाही, येणारही नव्हतं. मग ओळखला कसा? आबांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि भोकाच्या आतल्या कडेवरून नख फिरवायला सांगितलं. एका जागी दोऱ्याने झिजून खाच पडली होती. तेवढी एकच.

दुपारी आबा मला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर घेऊन गेले. पंचगंगेच्या घाटाला लागूनच आहे. १९४५-४६ मध्ये इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, सातवाहनकाळचं गाव निघालं. इथल्या गाळातून आणि नदीच्या वाळूतून पिढ्यान्‌पिढ्या झारेकरी लोक नाणी काढत आले. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचा कण शोधणारे तेच हे लोक. आपल्याकडच्या किती सातवाहन नाण्यांचं पहिलं दर्शन त्यांच्या घमेल्यात झालं असेल! त्यांची नावं मात्र कुठल्याच पाकिटावर नाहीत.

कोल्हापूरची खास म्हणजे 'कुर' राजांची, म्हणजे नावाच्या शेवटी 'कुर' येणाऱ्या सातवाहनकाळच्या इथल्या राजांची, शिशाची नाणी. एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मीत 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस' असं काहीतरी, दुसऱ्या बाजूला कमानींवर कमानी रचलेला डोंगर आणि कठड्यातलं झाड. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. यांचा क्रम कळला तो नाण्यांवरूनच, कारण नंतरच्याने आधीच्याच्या नाण्यावर आपला ठसा मारला आणि खालची अक्षरं पुरती पुसली गेली नाहीत. टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही आहे. ग्रीक समुद्रदेव पंचगंगेकाठी! मेजर मँटच्या त्या गॉथिक इमारतीत जाऊन बघून याच. बागही छान आहे.

संध्याकाळी गुजरीत काकू बरोबर होत्या. त्यांची पुतळ्यांची माळ गाठवायला दिली होती. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं डुकाट. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख असे दोघं उभट कोरलेले असतात, आणि आपल्याकडच्या सोनारांनी त्याच्या नकला करता करता ती आकृती पार मराठी करून टाकली. काकूंच्या पुतळीवरचे दोघं भिंगाखाली पाहिले तर नवरा-बायकोच वाटतात. माळ त्यांच्या सासूबाईंची. आबांनी एकदा त्यातली एक पुतळी अभ्यासाला मागितली होती.

"दिली का?" मी विचारलं.

"ह्यांची कपाटात, माझी गळ्यात," काकू म्हणाल्या आणि सराफाकडून माळ मोजून घेतली.

दिवाळीनंतर दोघं नाशिकला येणार आहेत. अंजनेरीला नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय बघायचं, चांदवडचा किल्ला बघायचा, असा आबांचा बेत आहे. काकूंना त्र्यंबकेश्वर आणि पैठणी. येताना काय आणू, असं आबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी कांदा-लसूण मसाला म्हटलं. मागून काकूंचा आवाज आला, "दोन किलो घालते. ह्यांचा डबा नको भरायला पिशवीत."

डबा येणार हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. मी पाकिटं आणि पेन्सिल आणून ठेवली आहे.