स्टॉर्मट्रूपरच्या हेल्मेटला रंग: आधी प्लास्टिक ओळखा

हेल्मेटचं किट (सुटे भाग जोडून करायचा संच) घरी आलं की बहुतेक जण लगेच रंगाच्या दुकानात जाऊन पांढऱ्या रंगाच्या छटा बघायला लागतात. छटा सगळ्यात शेवटी बघायची. हेल्मेट बिघडतं ते बहुतेक वेळा रंगातल्या द्रावकामुळे, म्हणजे थिनरमुळे. कुठलं प्लास्टिक कुठलं थिनर सहन करतं हे कळलं की निम्मं काम झालं.

इथे १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधलं स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट डोळ्यांसमोर धरलं आहे. पहिलं किट म्हणून लोक बहुधा हेच घेतात, आणि पांढरा चकचकीत रंग एकही चूक लपू देत नाही. हे जमलं की बाकीची हेल्मेटं सोपी वाटतात. किटमध्ये साधारणपणे व्हॅक्यूम-फॉर्मिंगने (तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढून) काढलेला चेहरा, डोकं आणि मान झाकणारा मागचा भाग, दोन कान, तोंडाच्या दोन टोकांचे माइक, हिरव्या काचेसाठी ॲक्रिलिकचा तुकडा आणि रबरी पट्ट्या असतात.

आता प्लास्टिक. कडा कापताना निघालेले तुकडे फेकू नका. एक तुकडा साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. बुडला तर एबीएस, हाय-इम्पॅक्ट स्टायरिन (दोन्ही कडक प्लास्टिक) किंवा साच्यात ओतून घट्ट केलेलं रेझिन असेल. तरंगला आणि बोटाला मेणचट लागला तर एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन समजा. मग बुडलेल्या तुकड्यावर ॲसिटोनचा एक थेंब टाका. एबीएस आणि स्टायरिन मऊ होऊन चिकट होतात, पॉलियुरेथेन रेझिनवर फारसा फरक पडत नाही. ॲसिटोन हार्डवेअर किंवा केमिकलच्या दुकानातून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, तो इथे चालत नाही.

तरंगणाऱ्या प्लास्टिकला रंग नीट धरतच नाही. त्यावर प्लास्टिकचा ॲडहीजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा आधीचा थर) मारल्याशिवाय काहीही लावलं तरी नखाने पापुद्रा निघतो. मूळ चित्रपटातली स्टंटची हेल्मेटं एचडीपीईची होती आणि त्यांवर पांढरा रंग मारलेला होता. जवळून दिसणारी 'हीरो' हेल्मेटं पांढऱ्या एबीएसची होती, त्यांना पांढऱ्या रंगाची गरज नव्हती.

तेच तुमच्या किटलाही लागू आहे. प्लास्टिक मुळातच पांढरं, चकचकीत आणि चरे नसलेलं असेल तर अख्खं हेल्मेट रंगवू नका. बारीक चरे २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासा, रबिंग कंपाउंडने पॉलिश करा आणि सरळ बारकाव्यांच्या रंगकामाला लागा. नंगं एबीएस आदळलं तरी पांढरंच राहतं, रंगवलेल्याचा टवका उडतो. एबीएस उन्हात पिवळं पडतं हे खरं, पण ते कपाटात ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. प्लास्टिक राखाडी किंवा काळं असेल, थ्रीडी प्रिंट असेल किंवा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरावी लागली असेल, तरच पूर्ण रंगवा.

पूर्ण रंगवायचं ठरलं की प्रश्न येतो कुठला पांढरा घ्यायचा याचा. घरच्या दारं-खिडक्यांचा सिंथेटिक इनॅमल स्वस्त असतो आणि चमकही छान देतो, पण पांढऱ्यासाठी तो टाळा. तेलाधारित अल्किड पांढरा बंद, अंधाऱ्या जागी पिवळसर होतो, आणि हेल्मेट तर वर्षाचे अकरा महिने कपाटातच असतं. स्प्रे कॅनमधला ॲक्रिलिक लॅकर (थिनर उडून गेलं की वाळणारा रंग) घ्या. गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग सगळ्यात टिकाऊ. पण त्याच्या हार्डनरमध्ये (घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागात) आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. घरच्या गॅलरीत ते काम करू नका, बूथ आणि हवापुरवठ्याचा मास्क असलेल्या गाडीच्या पेंटरकडे द्या.

लॅकरचं थिनर जहाल असतं. एबीएसवर पहिलाच हात ओला, जाड मारला तर प्लास्टिकवर केसासारख्या भेगा पडतात. प्लास्टिक जिथे खोल ओढलं गेलंय तिथे, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत आणि गालांच्या नळ्यांच्या कडेला, त्या आधी दिसतात, कारण तिथे आतला ताण जास्त असतो. उपाय एकच, पहिले दोन हात धुक्यासारखे मारायचे. थेंब पडतानाच थिनर उडून जातं आणि प्लास्टिक चावायला त्याला वेळ मिळत नाही.

थरांचा क्रमही पाळा. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. उलट, वाळलेल्या लॅकरवर इनॅमल बिनधास्त चालतो. पुढे बारकाव्यांच्या कामात याचा मोठा फायदा होतो.

तयारीत घाई नको. रेझिनच्या हेल्मेटवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं सिलिकॉन किंवा मेण असतं. भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने दोनदा धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे नीट झालं नाही तर रंग टाकल्याटाकल्या गोल खळगे पडतात, पेंटर लोक त्याला फिशआय म्हणतात. शेजारी कोणी गाडीच्या डॅशबोर्डला चमक देणारा स्प्रे मारत असेल तरी तेच होतं. मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली सगळा पृष्ठभाग हलका घासा, चमक पूर्ण गेली पाहिजे. थ्रीडी प्रिंट असेल तर १५० पासून सुरुवात करा, फिलर प्रायमर मारा, मग २४० आणि ३२० च्या अधिक बारीक पेपरने घासत या. पीएलएचं (थ्रीडी प्रिंटिंगमधल्या नेहमीच्या प्लास्टिकचं) प्रिंट उन्हातल्या गाडीत ठेवू नका, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडून वाकतं.

लांबी भरताना नवखे लोक चेहरा आणि मागच्या भागातला सांधाही बुजवून टाकतात. तो सांधा मूळ हेल्मेटवर दिसतो. कपाळावर तो काळ्या रबरी पट्टीखाली जातो, बाजूला कानांखाली. तो तसाच ठेवा. भरायची ती फक्त चुकीची भोकं आणि खोल चरे. एबीएसवर सगळ्यात चांगली लांबी एबीएसचीच. उरलेले तुकडे बारीक करून काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवा, मधासारखं दाट झालं की लावा. ते वाळताना आकसतं, म्हणून थोडं वर राहू द्या आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी फक्त टाचणीएवढ्या भोकांसाठी. ती जाड भरली तर महिन्याभराने रंगाखाली खड्डा उमटतो. गाडीची दोन भागांची पॉलिएस्टर लांबी चालते, हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. मे महिन्याच्या उकाड्यात ती चार-पाच मिनिटांत आळते, तेव्हा सुपारीएवढीच कालवा. ती आधीच्या स्प्रे प्रायमरवर लावू नका, तिच्यातलं द्रव स्टायरिन प्रायमर उचलतं. घासलेल्या नंग्या प्लास्टिकवरच लावा.

सामानाचा अंदाज असा: बाहेरचा पृष्ठभाग साधारण एक तृतीयांश चौरस मीटर भरतो. ४०० मिलीचा प्रायमरचा एक कॅन, पांढऱ्याचे दोन आणि हवा असेल तर क्लिअरचा (वरून मारायच्या पारदर्शक थराचा) एक पुरतो. पांढऱ्याचे दोन्ही कॅन एकाच बॅचचे घ्या, तळाशी नंबर छापलेला असतो. प्रायमर पांढरा किंवा फिकट राखाडी हवा. पांढऱ्याची झाकायची ताकद कमी असते, काळ्या प्रायमरवर पाच-सहा हात मारूनही कडा करड्या दिसतात आणि तोवर जाडी वाढून बारकावे बुजतात.

स्प्रेला सकाळी नऊ ते अकराची वेळ चांगली. जमिनीवर आधी पाणी शिंपडा, धूळ बसते. एबीएसवर स्थिर वीज जमते आणि ते धूळ ओढून घेतं, म्हणून मारण्याच्या आधी ओलसर, दोरे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्या. आतली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे पूर्ण दोन मिनिटं कॅन हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. हेल्मेटच्या बाहेर बटण दाबायचं, आडवा हात फिरवून पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं, दर फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. आधी खोबणी आणि कपाळाखालची कड, मग मोठे भाग. सपाट भागाने सुरुवात केली तर खोबण्या रंगवताना त्यांवर कोरडा भुगा बसतो. दोन धुकट हात, मग दोन किंवा तीन मध्यम ओले, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. शेवटच्या ओल्या हातातच चमक येते, तिथे धीटपणे पण न थांबता हात फिरवा.

हात खडबडीत लागला तर अंतर जास्त होतं किंवा ऊन फार होतं, रंग पोचण्याआधीच वाळला. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर थर पसरायच्या आत सुकला. ओघळ आला तर बोट लावू नका. २४ तास थांबा, लाकडी ठोकळ्यावर ८०० चा वॉटर पेपर गुंडाळून तेवढाच घासा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आणखी एक त्रास असतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि थर धुरकट दिसतो. पांढऱ्यात हे कळत नाही, चमक गेल्यावर कळतं, काळ्यात आणि क्लिअरमध्ये मात्र लगेच दिसतं. पाऊस कोसळत असताना लॅकर मारूच नका.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: कापडी मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, थिनरची वाफ अडवत नाहीत. सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. एका हेल्मेटच्या सगळ्या रंगाच्या मानाने तो महाग वाटेल, तरी घ्या.

आता बारकावे. हेल्मेटला जीव येतो तो इथे. १९७७ च्या हेल्मेटांवर हे सगळं हाताने रंगवलेलं होतं. १९८३ च्या तिसऱ्या भागात स्टिकर होते. त्यामुळे पहिल्या भागाचं हेल्मेट करताना मशिनने कापलेले एकसारखे स्टिकर लावले की ते परकं दिसतं. जगभरचे छंदी हंब्रॉलचे तीन इनॅमल वापरतात: करड्यासाठी ५ नंबर, निळ्यासाठी १४, काळ्यासाठी ८५. १४ मिलीची एकेक डबी कितीतरी हेल्मेटांना पुरते. त्या मिळाल्या नाहीत तर करडा मध्यमापेक्षा गडद आणि किंचित निळसर ठेवा. निळा अल्ट्रामरिनमध्ये थोडा पांढरा घालून होतो.

डोळ्यांखालचे अश्रूंच्या आकाराचे भाग आणि मागचे समलंब चौकोन करडे, त्यांतल्या आडव्या रेघा आणि बाह्यरेषा काळ्या. तोंडाची वाकडी रेषाही करडी. ती काळी करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. हनुवटीवरच्या उभ्या खाचा काळ्या. गालांच्या नळ्यांवर निळे तिरके पट्टे, प्रत्येक बाजूला साधारण ९ ते १६. मूळ हेल्मेटांवर ही संख्या एकसारखी नव्हती. १९९७ साली सुरू झालेल्या ५०१ लीजनमध्ये (स्टार वॉर्सचे पोशाख घालणाऱ्या चाहत्यांच्या संघटनेत) जायचं असेल तर त्यांची लेखी नियमावली रंगवायच्या आधी वाचा.

पेन्सिलने खुणा करा, ० नंबरच्या ब्रशने बाह्यरेषा ओढा, मग आतला भाग १ नंबरने भरा. इनॅमल टर्पेंटाईनने जरासाच पातळ करा. रेषा चुकली तर कापसाच्या काडीला टर्पेंटाईनचा ओलावा देऊन पुसा. खालचा वाळलेला लॅकर जागचा हलत नाही, म्हणून हवे तितक्या वेळा पुसून परत ओढता येतं. नंग्या एबीएसवर मात्र पटकन पुसून कोरडं करा, टर्पेंटाईन साचू देऊ नका. एनसी थिनरला तर हातही लावू नका, क्षणात प्लास्टिक मऊ होतं. मास्किंग टेप फक्त सरळ कडांसाठी, आणि पांढरा निदान २४ तास वाळल्यावर. टेप लावल्यावर कडेला आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात द्या, तो फटी बुजवतो, मग गडद रंग खाली झिरपत नाही.

क्लिअर मारायचा असेल तर बारकाव्यांच्या आधी, पांढऱ्यावर मारा. इनॅमलच्या रेषांवर लॅकर क्लिअर गेला की त्या रेषा पसरतात आणि सुरकुततात.

आतून मॅट काळा लावा, म्हणजे डोळ्यांतून चेहरा दिसत नाही. तो पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिकच हवा, ब्रशने दोन हात. इनॅमलचा वास आठवडाभर तोंडाजवळ राहतो. काच, रबरी पट्ट्या आणि माइकची टोकं सगळ्यात शेवटी बसवा. रंग हाताला दुसऱ्या दिवशी सुका लागतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडा लागतो. कपाळाची रबरी पट्टी त्याआधी चढवली तर तिची कड पांढऱ्यात रुतून कायमचा वण उरतो.