पहिला फ्लॅट, होम लोनचं व्याज आणि टॅक्सचा हिशोब : माझा अनुभव

होम लोन काढलं की टॅक्स वाचतो हे मला ऑफिसात, पाहुण्यारावळ्यांत, एवढंच काय सलूनमध्ये पण लोकांनी ऐकवलंय. वाचतो, नाही असं नाही. पण नेमका किती हे कोणी सांगत नाही, म्हणून आमचा हिशोब आकड्यांसकट मांडतोय.

मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका. दोघांच्याही नावावर आधी घर नव्हतं. २०२२ ला विश्रामबागच्या बाजूला काम चालू असलेल्या एका स्कीममध्ये टू बीएचके बुक केला. सांगलीत फ्लॅट बघायला गेलं की पहिला प्रश्न रेटचा नसतोय, '२०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलेलं?' हा असतोय, त्याचं समाधान झालं की मग पुढची बोलणी. व्यवहार ३८ लाखाचा, लोन २८ लाख, सँक्शन लेटर ऑक्टोबर २०२२ चं.

ही सँक्शनची तारीख ध्यानात ठेवा. बिल्डरच्या ऑफिसातला पोरगा सांगत होता, "पहिलंच घर हाय न्हवं, मग साडेतीन लाखापर्यंत व्याज टॅक्समधनं सुटतंय साहेब." ते साडेतीन म्हणजे इन्कम टॅक्सच्या कलम २४(बी) चे (होम लोनच्या व्याजाची नेहमीची सूट) २ लाख आणि ८०ईईए चे दीड लाख. ८०ईईए ही खास पहिलं घर घेणाऱ्यांची सवलत, घराचं स्टँप ड्युटीचं मूल्य ४५ लाखाच्या आत पाहिजे, सँक्शनच्या दिवशी नावावर दुसरं घर नको, सगळ्यात आम्ही बसत होतो, फक्त लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेलं पाहिजे. आमचं सहा-सात महिन्यांनी हुकलं. त्याच्याआधीची ५० हजाराची ८०ईई तर २०१६-१७ मध्ये मंजूर झालेल्या लोनपुरतीच होती. म्हणजे आज कोणी नवीन लोन काढत असेल तर पहिलं घर म्हणून व्याजावर वेगळं काही मिळत नाही, सगळ्यांना आहे तीच २ लाखवाली सूट. ब्रोशरवर अजून छापतात ते सोडून द्या.

मग नाव कोणाचं हा विषय. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, आमच्या व्यवहारात ३८ हजार झाले असते. सासरे म्हणाले घ्या की तिच्या एकटीच्या नावावर. पण तेव्हा १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती (ती नंतर २०२३ ला काढली), आणि दुसरं म्हणजे व्याजाची सूट मालकालाच मिळते, नुसता हप्ता भरणाऱ्याला नाही. मी मालक नसतो तर हप्ते माझ्या पगारातनं जाऊन सूट शून्य. उलटंही तेच, बायकोला नुसतं लोनला को-ॲप्लिकंट केलं आणि ॲग्रीमेंटमध्ये नाव नाही घातलं तर तिला सूट नाही. शेवटी दोघांची नावं दोन्हीकडं, हिस्सा निम्मा निम्मा. अशा केसमध्ये राहत्या घरावर प्रत्येकाला वेगळी २ लाखाची मर्यादा मिळते.

पझेशन मिळेपर्यंत व्याज भरायचं पण त्याची सूट त्या वर्षी नाही. बिल्डिंगचा एकेक स्लॅब पडेल तसे बँक पैसे सोडत गेली आणि प्री-ईएमआय (पूर्ण हप्ता सुरू होण्याआधीचं नुसतं व्याज) वाढत गेलं. ते वाया जात नाही, काम पूर्ण झालेल्या वर्षाच्या आदल्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करून पाच समान भागांत पुढची पाच वर्षं दाखवायचं, मात्र २ लाखाच्या आतच, वर जादा नाही. आणि लोन घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत काम पूर्ण पाहिजे, नाहीतर २ लाखाचे थेट ३० हजार होतात. रखडलेल्या स्कीममध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून शिरणाऱ्यांनी हे बघावं. आम्हाला महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ ला मिळालं, म्हणजे ३१ मार्च २०२४ पर्यंतचं व्याज त्या पाच हप्त्यांत.

डोकं उठलं ते सर्टिफिकेटला. बँकेनं व्याजाचं सर्टिफिकेट दिलं त्यात चालू वर्षाचंच व्याज, ते पण प्रोव्हिजनल. मागच्या दोन वर्षांचं मागितलं तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "तेव्हा तुमचा ईएमआय कुठं चालू होता?" मी म्हटलं ईएमआय नव्हता पण व्याज तर दर महिन्याला खात्यातनं कापत होता की. त्यांच्या सिस्टीमला प्री-ईएमआय वेगळ्या हेडला पडत होतं म्हणे, लंचनंतर या, उद्या या, सर सुट्टीवर आहेत, असं करत शेवटी लोनचं पूर्ण स्टेटमेंट काढून त्यावर एका साहेबांनी बॉलपेननं २०२२-२३ आणि २०२३-२४ समोर खुणा केल्या आणि मग दोन वेगळी सर्टिफिकेटं आली. बेरीज २ लाख २५ हजार. पाच भाग केले की वर्षाला ४५ हजार. हे कागद दरवर्षी मार्चनंतर लगेच घेऊन ठेवत जा.

२०२४-२५ चं व्याज २ लाख ३० हजार, त्यात हे ४५ हजार, एकूण २ लाख ७५ हजार, माझ्या वाट्याला १ लाख ३७ हजार ५००.

आता खरी गोष्ट. टॅक्स मोजायच्या दोन रिजीम, म्हणजे पद्धती आहेत. राहत्या घराच्या व्याजाची ही सूट जुन्या टॅक्स रिजीममध्येच आहे, आणि २०२३-२४ पासून नवीन रिजीम डिफॉल्ट आहे, तुम्ही काही बोलला नाही तर ऑफिस नवीनच धरतं. माझा २०२४-२५ चा पगार ९ लाख ६० हजार. नवीन रिजीमनं ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट) जाऊन टॅक्स ४०,०४०. जुन्यानं ५० हजार स्टँडर्ड, प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी ची सूट दीड लाख (लोनचं मुद्दल यात येतं, पण माझी मर्यादा पीएफ आणि एलआयसीनंच भरलेली), मेडिक्लेम २० हजार आणि हे व्याज, सगळं वजा करून ६ लाख राहिले, टॅक्स ३३,८००. फरक ६,२४० रुपये. सीएच्या केबिनमध्ये मी कॅल्क्युलेटर माझ्याकडं ओढून परत केलं, तेवढेच आले.

बायकोचं तर अजून भारी. तिचा पगार ७ लाख २० हजार, नवीन रिजीमनं टॅक्स शून्य. मग तिच्या वाट्याचं व्याज दाखवून करायचं काय? सीए म्हणाले, "सर, फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर असता तर २ लाख पूर्ण धरले असते, अजून १३ हजार वाचले असते." असतील. पण तिचं नाव घालायचं का नाही हे टॅक्सवर ठरलेलं नव्हतं, त्यामुळं त्या १३ हजाराचं मला काही वाटलं नाही.

२०२४-२५ चं रिटर्न सीएंनी आयटीआर २ मध्ये भरलं, त्यात सहमालकाचा हिस्सा आणि पॅन लिहायला जागा आहे. यावेळी व्याजाचा नुसता आकडा टाकून भागलं नाही, बँकेचं नाव, लोन अकाउंट नंबर, सँक्शनची तारीख, मूळ रक्कम आणि ३१ मार्चची बाकी हे पण मागितलं. आधी अंदाजपंचे आकडा टाकणाऱ्यांची पंचाईत आहे.

आणि २०२५-२६ ला हा विषयच संपला. नवीन रिजीममध्ये १२ लाखापर्यंत टॅक्स शून्य, पगारदाराला स्टँडर्ड धरून १२ लाख ७५ हजार. माझा पगार वाढून १० लाख २० हजार झालाय, तरी टॅक्स शून्य, मग जुन्यात कशाला जाऊ? ते ४५-४५ हजाराचे राहिलेले चार भाग कागदावरच राहणार. सांगली, मिरज, ईश्वरपूरकडच्या (आधीचं इस्लामपूर) बऱ्याच पगारदारांचं हेच होणार आहे. पगार त्याच्या बराच वर असेल तर दोन्ही रिजीमचा हिशोब करून बघा, पगारदाराला दरवर्षी बदलता येतं. धंदेवाल्यांना तसं नाही, माझा मावसभाऊ मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात आहे, त्याला जुन्यात राहायचं तर फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो आणि एकदा नवीनमध्ये परत आला की पुन्हा जुन्यात जाता येत नाही. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर नवीनमध्येही भाड्यातनं व्याज वजा होतं, पण तोटा आला तर तो पगारातनं वजा होत नाही.

"लोन लवकर फेडू नको, टॅक्स वाचतोय" म्हणणाऱ्यांचं मी आता ऐकत नाही. फ्लोटिंग रेटच्या होम लोनला आधी पैसे भरले तर दंड नाही, त्यामुळं भिशीचा नंबर लागला की ती रक्कम थेट मुद्दलात टाकायची असं आम्ही ठरवलंय.