४५ अंशांची रेघ

जुने अमेरिकन ट्रेडर डब्ल्यू. डी. गॅन यांची, शेअरच्या भावाच्या चार्टवर ओढायची १×१ रेघ म्हणजे ४५ अंशांचा कोन, एवढंच वाचून मी शाळेतला कोनमापक थेट स्क्रीनला लावला होता. हसू नका. भावाच्या तळापासून रेघ ओढली, भाव अगदी तिच्यावर टेकलेला. मग माउसचं चाक जरा फिरलं, चार्ट आडवा ताणला गेला आणि माझे ४५ अंश ३० वर आले! भाव तेच, दिवस तेच. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं: खरा हिशेब एका दिवसाला एक एकक भाव, हा. चौकटीच्या कागदावर एक घर आडवं, एक घर उभं, की ४५ आपोआप पडतात. दोन दिवसांना एक एकक चढणारी रेघ साधारण २६.६ अंशांची. आता कोनमापक ड्रॉवरमध्ये. एकक किती धरायचं, यावर मात्र माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.