आषाढातलं ऊन आणि मामीची गच्ची

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मामा-मामी वरच्या मजल्यावर अडकले होते आणि मी पुण्यात फोन लावत बसलो होतो. वीज गेलेली, मोबाइलचे टॉवर बंद. मामीचा आवाज ऐकू आला तो तिसऱ्या दिवशी. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना होता, दोन मीटर पट्ट्यावर बोलायचा सेट होता, पण त्या गल्लीत माझं ऐकणारं कुणी नव्हतं. ती खंत अजून जात नाही.

म्हणून सोलरवर चालणारा, एका हाताने उचलता येईल असा मेशचा, म्हणजे टॉवरशिवाय एकमेकांना निरोप पुढे देणाऱ्या जाळ्याचा डबा बांधायला घेतला. जंक्शन बॉक्समध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर घातलेला ५ गिगाहर्ट्झचा छोटा वाय-फाय राउटर, १२ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आणि वर ४० वॉटचं पॅनल. राउटर आणि कन्व्हर्टर मिळून ४ वॉट खातात, म्हणजे दिवसाला ९६ वॉट-अवर. एप्रिलमध्ये पुण्याच्या गच्चीवर पॅनल दिवसाला १४० वॉट-अवरच्या आसपास देत होतं. डबा दोन आठवडे अखंड चालला आणि मी खूश झालो.

मामीला दाखवला तर तिचा पहिलाच प्रश्न, "अरे, पूर येतो आषाढात. तेव्हा ऊन कुठून आणणार आहेस?"

जुलैत तिच्या गच्चीवर डबा ठेवला आणि दुसऱ्या रात्री तो बंद पडला. दिवसभरात जेमतेम २५ वॉट-अवर आले होते. पॅनल मी नेहमीसारखं दक्षिणेकडे कललेलं ठेवलं होतं. वास्तविक जुलैच्या मध्यात चिपळूणला दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो, आणि दाट ढगांत तर प्रकाश सगळ्या आभाळातून झिरपतो. आता पॅनल जवळपास आडवंच ठेवतो, पाणी ओघळून जाईल एवढाच कल देऊन. थोडा फरक पडला. पण खरं काम पॅनलचं नव्हतंच, विजेचा खर्च कमी करण्याचं होतं.

नव्या डब्यात दोन रेडिओ आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातला लोराचा, म्हणजे अगदी कमी विजेत लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओचा नोड सतत जागा असतो. तो सुमारे ०.१ वॉट घेतो, म्हणजे दिवसाला अडीच वॉट-अवरसुद्धा नाही. ढगातलं ऊनही त्याला पुरून उरतं. त्यावरून फक्त छोटे मजकूर जातात, पण "आम्ही वर आहोत, पाणी उतरतंय" एवढं कळायला ते पुष्कळ झालं. फोटो किंवा बोलणं पाठवायचं असेल तर लोरावरूनच संदेश देऊन रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) राउटर चालू करायचा. तासातली पंधरा मिनिटं चालवला तर दिवसाला २४ वॉट-अवर. बॅटरी २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. जुनीपेक्षा हलकी, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. हे दोन्ही रेडिओ चालवायला हॅम असावं लागत नाही, म्हणून मामीच्या फोनवरही ॲप टाकून दिलं.

पॅनलवरून बॅटरी भरणाऱ्या एका स्वस्त चार्ज कंट्रोलरने मात्र छळलं. पॅनलवर ऊन आलं की हॅमच्या ४० मीटर पट्ट्यावर नुसती खरखर. फेराइटच्या कड्यावर वायरचे वेढे घालून ती कमी झाली, गेली नाही. शेवटी कंट्रोलरच बदलला. पाणी शिरू नये म्हणून सगळ्या केबल खालच्या ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून घेतल्या आणि ग्लँडच्या आधी वायरला झोळ दिला, थेंब तिथूनच गळून पडतो.

आता दुसरा डबा चिपळूणजवळच्या परशुराम गावाच्या बाजूला उंचावर हवा. तिथून वाशिष्ठीचं खोरं आणि गोवळकोट समोर दिसतात. ५ गिगाहर्ट्झला मात्र नुसतं दिसणं पुरत नाही. ३ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण ६ मीटर त्रिज्येचा फ्रेनेल झोन, म्हणजे लहरी पसरून जातात तो पट्टा असतो, त्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो, आणि पावसात भिजलेली पानं सिग्नल गिळतात. उन्हाळ्यात जागा पाहून आलो होतो. आता भर पावसात पुन्हा जाऊन बघायचं आहे.

तोवर मामी रोज दिवेलागणीला बॅटरीचे व्होल्ट मीटरवर वाचून लोरावरून कळवते. कालचा संदेश: "१३.१. दिवसभर पाऊस. डबा कोरडा."