सगळं ठरल्यावरचं बोलावणं

रविवार, रात्र

आज आमच्या लालबागच्या चाळीत पुनर्विकासाची मीटिंग झाली. कॅरम बोर्डावर नकाशा पसरून पुरुषमंडळी आत बसली होती, आम्ही बायका गॅलरीत उभ्या. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "ट्रान्झिटचं भाडं कुणाच्या खात्यात जमा होणार?" म्हणजे नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहायला बिल्डर देतो ते भाडं. आत सगळे गप्प. वहिनींच्या नवऱ्याचा पगार घरी पोचत नाही, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. भाडंही त्याच्याच खात्यात गेलं, तर दोन मुलांना घेऊन वहिनींनी राहायचं कुठे? सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हा बायकांची वेगळी मीटिंग लावू, आधी सगळं ठरू दे." माणूस वाईट नाही. पण सगळं ठरल्यावर आम्ही बोलून काय बदलणार?

जेवणं झाली तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कतारमधल्या दोहा शहरात हेच झालं होतं. संयुक्त राष्ट्रांनी अफगाणिस्तानबद्दल बोलावलेल्या फेब्रुवारी २०२४ च्या बैठकीला तालिबान आलेच नाहीत, कारण त्यांच्या अटी मान्य झाल्या नव्हत्या. त्याच वर्षी ३० जूनला सुरू झालेल्या बैठकीला मात्र ते आले आणि अफगाण स्त्रियांच्या प्रतिनिधी बाहेर राहिल्या. मुलींची शाळा सहावीनंतर बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही बंद, अशा देशाबद्दलची ही बोलणी! संयुक्त राष्ट्रांचे लोक स्त्रियांना आणि नागरी संस्थांना वेगळं भेटले ते २ जुलैला, मुख्य बैठक उठल्यावर. म्हणे, बैठकीचे विषय खाजगी उद्योग, बँका आणि अमली पदार्थ असे होते. मग बँक हा काय बायकांचा विषय नाही? नोकरी गेलेल्या, घर चालवायची जबाबदारी अंगावर पडलेल्या बाईइतकं पैशाचं मोल कुणाला कळतं? मला याचा फार राग येतो.

आणि नियम नाहीत असं नाही. शांतता आणि सुरक्षेच्या निर्णयांत प्रत्येक पातळीवर स्त्रिया हव्यात, हा सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५ ऑक्टोबर २००० मध्ये मंजूर झालाय. एकमताने.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी युद्ध चालू होतं, तेव्हा तिथल्या बायकांनी कुणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. पांढरे कपडे घालून ख्रिस्ती आणि मुसलमान बायका राजधानी मन्रोव्हियात उन्हापावसात बसल्या, शांततेची बोलणी घानामध्ये सुरू झाली तेव्हा तिथेही पोचल्या. जुलै २००३ मध्ये बोलणी रेंगाळली. इकडे मन्रोव्हियात माणसं मरत होती. तेव्हा या बायकांच्या पुढारी लेमा बोवी आणि त्यांच्या मैत्रिणी सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या, करार झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. पहारेकरी अटक करायला आले, तर बोवी अंगावरचे कपडे काढायला निघाल्या. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे पुरुषांना शाप. मध्यस्थी करणारे नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख अबुबकर त्या बायकांच्या बाजूने उभे राहिले. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

त्यांचा मला अभिमान वाटतो. पण आपलं म्हणणं ऐकून घ्यायला बाईला असं दार अडवून बसावं लागू नये. तिची खुर्ची पहिल्या दिवसापासून आत हवी, मसुदा कोरा असताना.

उद्या सकाळी सेक्रेटरींना लेखी अर्ज देणार आहे. कमिटीत दोन बायका घ्या आणि भाडं नवरा-बायकोच्या जोडखात्यात जमा करा. पहिली सही वहिनींनी केलीय.